डोंगर गप्प असतानाच मोजायला हवा

१९७६ च्या जुलैत कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावरचा ला सूफ्रिएर हा ज्वालामुखी फुसफुसायला लागला. राख, वाफ, पाठोपाठ भूकंपाचे झटके. प्रश्न एकच होता. खालून नवा शिलारस वर येतोय, की डोंगराच्या पोटात मुरलेलं पाणी तापून नुसती वाफ उसळतेय? पहिलं खरं असेल तर पायथ्याच्या गावांवर जळता ढग उतरणार. दुसरं असेल तर राखेचा त्रास होईल, वरच्या उतारांवर दगड पडतील, पण गावं वाचतील. ज्वालामुखीतज्ज्ञ हारून ताझिएफ म्हणत होते, वाफच आहे. भूशास्त्रज्ञ क्लोद आलेग्र आणि त्यांच्या बाजूचे म्हणत होते, ही जोखीम घेऊ नका. राखेत ताज्या काचेचे कण आहेत असा निष्कर्ष पुढे आला. ताजी काच म्हणजे नवा शिलारस. ऑगस्टच्या मध्यावर सुमारे ७३ हजार माणसांना घरं सोडायला लावली. ती काच ताजी नव्हती हे मागाहून कळलं. मोठा उद्रेक झालाच नाही, पण माणसं काही महिने घराबाहेर राहिली आणि शास्त्रज्ञांचं भांडण मात्र डोंगर निवल्यावरही निवलं नाही.

त्या भांडणात बरोबर कोण होतं यात मला फारसा रस नाही. हातात जे होतं त्यावर माणसं हलवणं हा शहाणपणाचाच निर्णय होता असंही म्हणता येईल. मला खुपतं ते हे की ७३ हजार माणसांचं काय करायचं ते सूक्ष्मदर्शकाखालच्या चार कणांवर ठरवायची वेळ आली. डोंगराखाली पाणी कुठे आहे, वाफ कुठे कोंडली आहे, खडक कुठे कुजून चिकणमाती झाला आहे, याचा आधी काढून ठेवलेला नकाशा हाताशी असता तर भांडण निदान योग्य जागी तरी झालं असतं.

ही फार जुनी गोष्ट आहे असं वाटत असेल तर २०२५ चा फेब्रुवारी आठवा. ग्रीसच्या सँटोरिनीजवळ भूकंपांची रांग लागली, ११ हजारांहून जास्त लोक बेटं सोडून गेले, आणि तज्ज्ञ पुन्हा तोच वाद घालत होते: हे नुसतं भ्रंशांचं सरकणं आहे, की खाली शिलारस वाट काढतोय? शिलारस खडकात भेग पाडून आडवा सरकत होता असं नंतरच्या अभ्यासांनी सांगितलं. नंतरच्या.

माझं म्हणणं सरळ आहे. जिथे माणसं वस्ती करून आहेत अशा प्रत्येक ज्वालामुखी बेटाखालच्या भूकवचाचं विद्युत-चुंबकीय सर्वेक्षण सार्वजनिक पैशाने, शांततेच्या काळात करून ठेवायला हवं आणि त्याचा डेटा सगळ्यांना खुला हवा. रस्ते आणि बंदरं यांच्यासारखीच ही पायाभूत सोय आहे. आज हे काम बहुतेक वेळा दोन कारणांनी होतं. एखाद्या विद्यापीठाला तीन वर्षांचा निधी मिळाला म्हणून, किंवा भू-औष्णिक कंपनीला विहीर कुठे खणायची ते ठरवायचं आहे म्हणून. दोन्ही कारणं चांगलीच आहेत, पण दोन्हींत बेटावर राहणारा माणूस मध्यभागी नाही.

आता हे सर्वेक्षण म्हणजे काय ते थोडं जवळून बघू, कारण त्याचं बळ आणि त्याची मर्यादा दोन्ही त्याच्या यंत्रणेतच आहेत. यातली मुख्य पद्धत मॅग्नेटोटेल्युरिक, कामावरच्या बोलीत नुसतं ‘एमटी’. जमिनीत आपण काहीच सोडायचं नाही. जगभर कुठे ना कुठे विजा कडाडत असतात, त्यांच्या लहरी जमीन आणि आयनोस्फिअर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) यांच्या मधल्या पोकळीत फिरत राहतात. त्याहून संथ चढउतार सौरवाऱ्यामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात होतात. हे बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत शिरतं आणि तिथे क्षीण विद्युतप्रवाह निर्माण करतं. पृष्ठभागावर दोन्ही क्षेत्रं एकाच वेळी मोजली की त्यांच्या गुणोत्तरावरून खालचा खडक वीज किती वाहू देतो ते काढता येतं. लहर जितकी संथ, तितकी खोल जाते. खडकाची रोधकता, म्हणजे वीज अडवण्याचा गुण, १०० ओहम-मीटर धरली तर एका सेकंदाची लहर सुमारे ५ किलोमीटर उतरते, १०० सेकंदांची ५० किलोमीटर. द्वीपचापाचं, म्हणजे ज्वालामुखी बेटांच्या कमानीसारख्या रांगेचं, सगळं भूकवच या पल्ल्यात बसतं.

सोव्हिएत गणितज्ञ आंद्रेई तिखोनोव यांनी १९५० मध्ये आणि फ्रान्सच्या लुई कान्यार यांनी १९५३ मध्ये याची मांडणी केली. जपानमध्येही त्याच सुमारास हाच विचार चालू होता. गंमत अशी की पृष्ठभागावरच्या मोजमापावरून खालचं चित्र काढण्याचं उलटं गणित मुळातच बेभरवशाचं असतं, एकाच मोजमापाला अनेक चित्रं जुळतात, आणि त्या गणिताला लगाम घालायची जी रीत आज सगळे वापरतात तिलाही तिखोनोव यांचंच नाव आहे. रोग आणि औषध एकाच घरातून आल्यासारखं.

प्रत्यक्ष जागेवर मात्र हे सगळं फार मातकट असतं. उतारावर एक बऱ्यापैकी सपाट जागा शोधायची. पन्नास-शंभर मीटर अंतरावर चार बाजूंना चार खड्डे घ्यायचे, त्यांत खारवलेल्या चिखलात इलेक्ट्रोड बसवायचे, वायरी मधल्या पेटीपर्यंत ओढायच्या आणि वाऱ्याने हलू नयेत म्हणून ठिकठिकाणी दगड-माती टाकून दाबायच्या. मग चुंबकीय कॉइल. लांब नळी असते ती. एक उत्तर-दक्षिण, एक पूर्व-पश्चिम, पाणसळ लावून अगदी आडवी पुरायची, तिसरी उभी. जवळ मोठं झाड नको, कारण वाऱ्यात झाड डोललं की मुळं जमीन हलवतात आणि कॉइलला ते भूचुंबकीय लहरीसारखं दिसतं. गुरांसाठी विजेचं कुंपण असेल तर दर सेकंदाला टिक टिक करून सगळी रात्र वाया घालवतं. बॅटरी जोडायची, घड्याळ उपग्रहाशी जुळलंय का बघायचं आणि निघून जायचं. सकाळी येऊन बघावं तर कधी उंदराने वायर कुरतडलेली असते. म्हणून दूर, गोंगाटापासून लांब, आणखी एक स्टेशन त्याच वेळी चालू ठेवतात. जे दोन्हीकडे सारखं दिसतं तेवढंच आकाशातून आलेलं मानायचं.

एवढी खटपट कशासाठी, तर भूकंपलहरींना जे नीट दिसत नाही ते विजेला दिसतं म्हणून. द्वीपचापाखाली समुद्रतळाचा पट्ट दुसऱ्या पट्टाखाली सरकतो. त्याने सोबत नेलेलं पाणी खोल गेल्यावर सुटतं, त्या पाण्यामुळे वरच्या प्रावरणातला (भूकवचाखालच्या थरातला) खडक वितळतो आणि वितळ वर चढून भूकवचात अडकत, थांबत, बदलत राहतो. म्हणजे द्वीपचापाची सगळी कथा पाणी आणि वितळ यांची आहे, आणि वीज वाहण्यात याच दोन गोष्टी सगळ्यात पुढे. सुका, थंड, घट्ट खडक हजारो ओहम-मीटर रोध करतो. खारं पाणी किंवा शिलारस मुरलेला खडक काही ओहम-मीटरवर येतो. त्यातही मेख अशी की द्रव किती आहे यापेक्षा तो एकमेकांना जोडलेला आहे का, हे महत्त्वाचं. स्फटिकांच्या फटींतून शे-दोनशे मीटर सलग पसरलेला थोडासा वितळ सगळा खडक वाहक करून टाकतो. तेवढाच वितळ सुट्या थेंबांत अडकलेला असेल तर विजेला त्याचा पत्ताही लागत नाही. उद्रेकाच्या दृष्टीनेही नेमका हाच भेद महत्त्वाचा. ज्वालामुखीखाली लाल रसाने भरलेली टाकी असते हे शाळेतल्या चित्रातलं दृश्य आता फारसं कोणी खरं मानत नाही. बहुतेक काळ तिथे स्फटिकांचा दाट लगदा असतो, आणि लगद्यातला द्रव सलग जोडला जाऊ लागला की डोंगराची गोष्ट बदलते.

याच्या आड आणखी एक मोठा प्रश्न उभा आहे: खंडं जन्मली कशी? १९९० च्या दशकात जपानच्या दक्षिणेला इझू-ओगासावारा चापाखाली भूकंपलहरींनी मोजमाप केलं, तेव्हा मधल्या भूकवचात ग्रॅनाइटच्या कुळातला, खंडांच्या खडकासारखा थर असल्याचं दिसलं. समुद्राच्या मधोमध, बेसाल्टच्या राज्यात, खंडाचं बी. शास्त्रज्ञांना हे फार मोहक वाटतं, मलाही वाटतं. पण सरकारी तिजोरीपाशी हा मुद्दा घेऊन जाऊ नये असं माझं मत आहे. ‘खंडाचा जन्म’ म्हटलं की अर्थखात्यातला माणूस घड्याळ बघतो, आणि त्यात त्याची चूक नाही.

त्याच्यापुढे ठेवायचा मुद्दा उथळ आहे, अक्षरशः उथळ. २७ सप्टेंबर २०१४ रोजी जपानच्या ओंताके डोंगरावर शनिवारच्या दुपारी गिर्यारोहकांची गर्दी असताना स्फोट झाला, ६३ जण मृत किंवा बेपत्ता झाले. ९ डिसेंबर २०१९ रोजी न्यूझीलंडच्या फाकारी बेटावर ४७ माणसं होती, २२ गेली. हे स्फोट कोंडलेल्या पाण्याचे आणि वाफेचे होते. अशा स्फोटाआधी शिलारस वर चढतानाची लांबलचक भूकंपमालिका मिळेलच असं नसतं, म्हणून इशारा द्यायला वेळ फार कमी राहतो. पण वाफ कोंडते कशाने? तापल्या पाण्याने खडक कुजतो, त्याची फुगणारी चिकणमाती होते आणि तिचं झाकण बसतं. ही चिकणमाती साधारण २०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते, त्यापुढे तिचं दुसऱ्या, कमी वाहक खनिजांत रूपांतर होतं. म्हणजे विजेच्या नजरेला वर अत्यंत वाहक झाकण आणि खाली त्याहून रोधक, पण जास्त तापलेला गाभा असं चित्र दिसतं. जपानच्या हाकोने ज्वालामुखीखाली असंच घंटेच्या आकाराचं झाकण सापडलं आहे. झाकण आहे कुठे, किती जाड, कुठे पातळ, आणि फुटलं तर कोणत्या पायवाटेच्या दिशेने फुटेल, हे सगळं वरच्या एक-दोन किलोमीटरमधलं काम आहे आणि तिथेच ही पद्धत सर्वांत तीक्ष्ण आहे. खोल शिलारसाच्या रंगीत चित्रांना बातम्यांत जागा मिळते. माणसं वाचवायला मला वाटतं या चिखलाच्या झाकणाचा नकाशा जास्त उपयोगी.

आता यातली अडचण. वाहक दिसलं की ते शिलारस, असं कोणी सांगत असेल तर त्याच्यापासून दोन हात दूर राहावं. खारं पाणी, चिकणमाती, सल्फाइड खनिजं, सगळीच वाहक. शिवाय एक किलोमीटर जाडीचा १ ओहम-मीटरचा थर आणि पाच किलोमीटर जाडीचा ५ ओहम-मीटरचा थर पृष्ठभागावरून जवळजवळ सारखेच दिसतात. एकात वितळ भरपूर असू शकतो, दुसऱ्यात नावापुरता. उलटंही होतं. आइसलँड हा द्वीपचाप नव्हे, पण तिथल्या क्राफ्ला ज्वालामुखीचा धडा इथे लागू आहे: २००९ मध्ये तिथे खोल विहीर खणताना सुमारे २.१ किलोमीटरवर ड्रिल थेट शिलारसात घुसलं. तिथे विद्युत-चुंबकीय सर्वेक्षण झालेलं होतं आणि शिलारस त्याहून बराच खोल असेल असा अंदाज होता. लहान, सिलिकायुक्त, फारसा वाहक नसलेला साठा नजरेतून निसटला.

बेटांवर तर समुद्रच गोंधळ घालतो. समुद्राच्या पाण्याची रोधकता सुमारे ०.३ ओहम-मीटर, म्हणजे चहूबाजूंनी उत्तम वाहक. बेटावरच्या मोजमापात खालच्या खडकाइतकाच बाजूचा समुद्र बोलत असतो. किनाऱ्याचा आणि समुद्रतळाचा नेमका आकार गणितात घातल्याशिवाय निघालेलं चित्र नुसतं देखणं असतं. खोल समुद्राच्या तळाशी यंत्र ठेवलं तरी सुटका नाही. चार किलोमीटर पाणी वेगवान लहरी गिळून टाकतं, तळापर्यंत पोचतात त्या काही मिनिटांच्या संथ लहरी, आणि त्या भूकवच ओलांडून पार प्रावरणात उतरतात. मधल्या दहा-वीस किलोमीटरचा तपशील हवा तर जहाजामागे तळाजवळून प्रक्षेपक ओढत न्यावा लागतो. खर्च तिथे वाढतो.

या सगळ्यावर एक सडेतोड आक्षेप आहे, आणि तो मी हलका करून सांगणार नाही. सेंट व्हिन्सेंट बेटावरच्या ला सूफ्रिएरचा (कॅरिबियनमध्ये या नावाचे डोंगर बरेच) स्फोट ९ एप्रिल २०२१ ला झाला. आदल्या दिवशी धोक्याच्या भागातून माणसं हलवण्याचा आदेश निघाला आणि स्फोटात थेट कोणी दगावलं नाही. हे साधलं भूकंपमापकांनी, जमिनीच्या फुगवट्याच्या मोजणीने, वायूंच्या मापनाने आणि वेस्ट इंडीज विद्यापीठाच्या भूकंप संशोधन केंद्रातल्या लोकांच्या अनुभवाने. मॅग्नेटोटेल्युरिकचं नावही कुठे आलं नाही. मग गरीब बेटाने आपला मोजका पैसा भूकंपमापकांच्या देखभालीवर घालावा की या खोदकामावर?

भूकंपमापकांवर. यात मला शंका नाही. ज्या बेटावर चार चांगले भूकंपमापक चोवीस तास चालू नाहीत तिथे एमटीची भाषा करू नये. पण दोन खर्चांची जातच वेगळी आहे. भूकंपमापक कायम चालवावा लागतो, दरवर्षी पगार, बॅटऱ्या, संदेशवहन. भूकवचाचा नकाशा लहान बेटावर काही आठवड्यांच्या फिरतीत मोजून होतो, पुढची काही वर्षं गणितात सुधारत राहतो आणि पिढीभर उपयोगी पडतो. आणि त्याच नकाशामुळे भूकंपमापकाचं बोलणं समजतं. एखाद्या खोलीवर झटके सुरू झाले, तर ती खोली झाकणाच्या तळाशी आहे की लगद्याच्या माथ्याशी, हे आधी ठाऊक असणं आणि नसणं यात ग्वादलूपच्या ७३ हजार माणसांएवढं अंतर आहे.

हा नकाशा उद्रेकाची तारीख सांगेल असं मात्र कोणी विकू नये. फिलिपिन्सच्या ताल ज्वालामुखीखाली वायू कोंडलेला रोधक भाग आणि भोवती वाहक आवरण असल्याचा अर्थ जपानी आणि फिलिपिनी शास्त्रज्ञांनी २०१३ मध्येच छापला होता. १२ जानेवारी २०२० ला ताल फुटला. त्या लेखात तारीख नव्हती आणि असणंही शक्य नव्हतं. निधी मिळवायच्या घाईत शास्त्रज्ञ कधीकधी ‘पूर्वानुमान’ हा शब्द सैल वापरतात, आणि पुढच्या अपयशाला लोक त्यांना धरतात. तेव्हा लोकांचंच बरोबर असतं.

खुल्या डेटाबद्दल माझा आग्रह जास्त आहे, पैशापेक्षाही. अमेरिकेत २००६ पासून देशभर सुमारे ७० किलोमीटरच्या जाळीवर एमटी मोजणी सुरू झाली, खंडाची खोल रचना समजावी म्हणून. मोजमापं सार्वजनिक ठेवली. पुढे तीच मोजमापं विजेच्या ग्रिडचा धोका मोजायला कामी आली. मार्च १९८९ च्या सौरवादळात कॅनडातल्या क्वेबेकची वीज नऊ तास गेली होती. असं वादळ कुठल्या भागात जमिनीत किती व्होल्टेज उठवेल ते खालच्या खडकाच्या वाहकतेवर अवलंबून असतं. जाळी आखली तेव्हा पुढे कोण कशासाठी ती उघडेल याचा हिशेब कोणी केला नव्हता. कुलपात असती तर तो उपयोग सुचलाही नसता. अशी जाळी ऑस्ट्रेलियानेही हाती घेतली आहे. जमीन सलग, मोटार जाते, खर्च एका सरकारचा. चाप मात्र दहा देशांत आणि शंभर बेटांत विखुरलेला, मधे समुद्र. म्हणूनच तिथे हे काम आपोआप होणार नाही.

उलट चापांवर सगळ्यात दाट मोजणी बऱ्याचदा भू-औष्णिक कंपन्यांनी केलेली असते. ते साहजिक आहे. एक विहीर खणायला काही दशलक्ष डॉलर लागतात, चुकीच्या जागी खणली की बुडाले. माझं भांडण कंपन्यांशी नाही, परवान्याच्या कागदाशी आहे. त्या कागदात एक ओळ हवी: अमुक वर्षांनंतर कच्ची मोजमापं त्या देशाच्या ज्वालामुखी वेधशाळेकडे जातील आणि तिथून सगळ्यांना मिळतील. इंडोनेशियाच्या फ्लोरेसला २०१७ मध्ये सरकारने ‘भू-औष्णिक बेट’ जाहीर केलं आणि पोको लेओकसारख्या गावांत लोक विहिरींविरुद्ध उभे राहिले. त्यांचे प्रश्न जमीन, पाणी आणि पूर्वजांच्या जागांचे आहेत, ते नकाशाने सुटणार नाहीत. पण ‘खाली काय आहे ते आम्हाला माहीत आहे, तुम्हाला नाही’ ही भिंत तरी उभी राहता कामा नये. डोंगर त्यांच्या दारात आहे.

तसंच परदेशी तुकड्यांचं. येतात, सहा आठवडे यंत्रं पुरतात, डेटा घेऊन जातात, चार वर्षांनी लेख येतो आणि बेटावरच्या वेधशाळेतल्या माणसाला तो इंटरनेटवर शोधावा लागतो. उलटं गणित सोडवणाऱ्या संगणक-प्रणाली आज संशोधकांना विनामूल्य मिळतात, त्यातली एक गाजलेली त्रिमितीय प्रणाली थायलंडच्या शास्त्रज्ञाने लिहिली आहे. विकृती टाळून मोजमाप वाचायची आज सर्वत्र वापरली जाणारी ‘फेज टेन्सर’ पद्धत २००४ मध्ये न्यूझीलंडमधल्या भू-औष्णिक क्षेत्रांवर काम करणाऱ्यांनी दिली. ज्ञान मोठ्या देशांच्याच खिशात आहे ही सबब आता चालत नाही. निधी देणाऱ्याने एवढी अट घालावी की बेटावरची दोन माणसं मोजणीत असतील आणि गणितातही असतील. यंत्रं नेली तरी ती माणसं तिथेच राहतात.

जपानच्या इझू-ओशिमा बेटावर मिहारा डोंगराच्या विवरापाशी टोकियो विद्यापीठाचे लोक आधीपासून तारा टाकून रोधकता मोजत बसले होते. १९८६ च्या उद्रेकाआधी विवराखालची रोधकता घसरत गेल्याचं त्यांच्या नोंदींत आहे. २१ नोव्हेंबरला सुमारे दहा हजार रहिवाशांना एका रात्रीत बोटींनी बेटाबाहेर नेलं. रोधकता घसरली म्हणून नेलं नाही, जमीन फाटून लाव्हा उसळला म्हणून नेलं. पण घसरण दिसली ती तारा आधी पुरलेल्या होत्या म्हणून.

कॅरिबियनमधल्या माँटसेराट बेटावर १८ जुलै १९९५ ला सूफ्रिएर हिल्स हा ज्वालामुखी जागा झाला. २५ जून १९९७ ला १९ माणसं गेली. राजधानी प्लिमथ राखेखाली आहे आणि बेटाच्या दक्षिणेकडचा मोठा भाग अजून बंद आहे. उद्रेकानंतर तिथे एमटी मोजणी झाली, तिच्या आधारावर २०१३ मध्ये भू-औष्णिक विहिरीही खणल्या गेल्या, आणि ते काम चांगलं आहे. त्या मोजणीत दिसतं ते मात्र उद्रेकाने ढवळून काढलेलं भूकवच. १९९४ मध्ये प्लिमथच्या बाजारपेठेखाली खडकाची रोधकता किती होती, ते मोजायला आता कुठेही खड्डा घेऊन उपयोग नाही.